वाझनला पहिल्यांदा जाताय? मित्रांसोबतच्या वीकेंडसाठी सगळी माहिती

सप्टेंबर लागला की जर्मनीत नवीन आलेल्या आपल्या मुलामुलींच्या ग्रुपवर एकच विषय सुरू होतो, बिअर फेस्टिव्हलला जायचं कधी, आणि सगळ्यांच्या डोक्यात फक्त म्युनिकचं ऑक्टोबरफेस्ट असतं. जा ना, एकदा जरूर जा, पण पहिलीच वेळ असेल, हातात शनिवार-रविवार एवढाच वेळ असेल आणि पैसे मोजूनमापून खर्च करायचे असतील तर माझं ऐका, श्टुटगार्टला या. इथे साधारण त्याच सुमारास कानश्टाटर फोल्क्सफेस्ट भरतं, सतरा दिवस चालतं, मोठमोठे तंबू, पाळणे, बँड, लिटरचे मग, सगळं आहे, आणि आसपासच्या गावातले, इथल्याच कंपन्यांतले लोक भरपूर असतात, त्यामुळे बाकावर शेजारी बसलेला माणूस पाच मिनिटांत तुमच्याशी बोलायला लागतो. आम्ही याला नुसतं 'वाझन' म्हणतो. वाझन म्हणजे गवताळ मैदान, नेकार नदीच्या काठचं. मी दरवर्षी कोणाला ना कोणाला पहिल्यांदा तिथे घेऊन जाते आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून यावेळी सगळं एकत्र लिहितेय.

आधी तारीख ठरवा

जत्रा सप्टेंबरच्या शेवटाकडे एका शुक्रवारी सुरू होते आणि ऑक्टोबरात रविवारी संपते, २०२५ ला २६ सप्टेंबर ते १२ ऑक्टोबर होती. सुरुवातीला श्टुटगार्टचे महापौर पहिल्या पिंपाला तोटी ठोकतात, पहिल्या रविवारी मोठी मिरवणूक निघते, घोडागाड्या, बँड, गावोगावचे पारंपरिक पोशाख, आणि शेवटच्या रविवारी रात्री आतषबाजी. यातलं काही बघायचंच असेल तर तसा वीकेंड धरा. मधे ३ ऑक्टोबर येतो, जर्मनीच्या एकीकरणाची सुट्टी, तो दिवस आणि त्याच्या आजूबाजूचा वीकेंड पहिल्यांदा येणाऱ्यांनी टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे, गर्दी खूप होते. लहान मुलं असलेले कोणी सोबत असतील तर बुधवार त्यांच्यासाठी चांगला, फॅमिली डे असतो, पाळण्यांचे दर कमी असतात.

अजून एक, आपलं नवरात्र बऱ्याचदा याच दिवसांत येतं. २०२५ ला तर दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणजे जत्रेच्या ऐन मध्यावर. ग्रुपमधे कोणाचे नऊ दिवसांचे उपवास असतील तर आधी विचारा आणि मग तारीख टाका, नाहीतर ऐनवेळी दोघंतिघं गळतात आणि टेबलाचे पैसे बाकीच्यांवर येतात.

ज्यांना शरद ऋतूत जमतच नाही त्यांच्यासाठी, याच मैदानावर एप्रिल-मे मधे फ्र्युलिंग्सफेस्ट म्हणजे वसंतातली जत्रा भरते, वातावरण बरंचसं असंच.

टेबल, आणि यात घाई करू नका

मैदानात शिरायला तिकीट नाही. कोणीही या, फिरा, पाळण्यात बसा, परत जा. पैसे लागतात ते तंबूतल्या टेबलाला, तेही शुक्रवार-शनिवार संध्याकाळीच मुख्यतः. तंबू म्हटलं तरी आत हजारो माणसं बसतात, लाकडी फळ्यांची जमीन असते, मधे स्टेज. प्रत्येक तंबूची स्वतःची वेबसाईट असते, तिथे आठ-दहा जणांचं अख्खं टेबल बुक होतं आणि त्या पैशांत बहुतेक वेळा माणशी दोन लिटर बिअर आणि अर्धी कोंबडी अशी कुपनं येतात. म्हणजे न पिणाऱ्यालाही दोन लिटरचे पैसे भरावे लागतात असं वाटतं, पण बऱ्याच ठिकाणी कुपनावर दुसरं पेय किंवा दुसरं जेवण घेता येतं, बुक करताना ईमेल करून विचारून घ्या, लगेच उत्तर देतात.

माझ्या दुसऱ्या वर्षी मी एक चूक केली ती तुम्ही करू नका. संध्याकाळची टेबलं संपली होती आणि एका भलत्याच साईटवर कोणीतरी आपलं टेबल जास्त किमतीला विकत होतं, आम्ही नऊ जणांनी पैसे काढले, पीडीएफ आलं, सगळं खरं वाटलं, आणि दारावर त्यांनी तो नंबर तपासून सांगितलं की हे बुकिंग रद्द झालेलं आहे. थंडीत दारात उभं राहून एकमेकांकडे बघणं आणि त्यातले तिघं खास फ्रँकफर्टहून आलेले, ते अजून आठवलं की वाईट वाटतं. पैसे परत आले नाहीत. तेव्हापासून नियम एकच, तंबूच्या स्वतःच्या साईटवरून मिळालं तर घ्यायचं, नाहीतर बुकिंगशिवाय दुपारी जायचं.

आणि खरं सांगू का, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी दुपारच चांगली. शनिवारी किंवा रविवारी अकरा-साडेअकराच्या सुमारास पोचा, बहुतेक वेळा जागा मिळते, बँड जरा हळू वाजवत असतो, एकमेकांचं बोलणं ऐकू येतं, जेवण नीट गरम येतं. टेबलावर संध्याकाळचं रिझर्व्हेशन आहे का ते आधी वेट्रेसला विचारा, वेळ झाली की उठावं लागतं. मग संध्याकाळी पाळणे, दिवे, बाहेरची फेरी. हाच क्रम मी सगळ्यांना सांगते.

येणं आणि राहणं

श्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनवरून एस-बान म्हणजे इथली लोकल, एस१, एस२ किंवा एस३ पकडा, पुढचंच स्टेशन बाड कानश्टाट, तिथे उतरून लोकांच्या मागे चालत राहिलात तरी मैदान येतं, दहा मिनिटं. बाडेन-व्युर्टेंबर्ग या इथल्या राज्यातूनच येत असाल, कार्ल्सरूह, उल्म, फ्रायबुर्ग, तर पाच जणांपर्यंत चालणारं राज्याचं एक दिवसाचं तिकीट सगळ्यात स्वस्त पडतं, शनिवार-रविवारी ते मध्यरात्रीपासून चालतं, सोमवार ते शुक्रवार मात्र सकाळी नऊनंतर, आणि दोन्हीकडे दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत. डॉइचलँड-टिकेट, म्हणजे देशभर लोकल गाड्या-बसना चालणारा महिन्याचा पास, असेल तर प्रश्नच नाही, फक्त लांब पल्ल्याच्या गाड्यांना तो चालत नाही हे लक्षात ठेवा.

गाडी आणू नका. हा सल्ला म्हणून नाही, अगदी पोटतिडकीनं सांगतेय. इथे गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ प्रोमिल म्हणजे हजारी अर्धा भाग आहे, आणि नवीन लायसन्सच्या पहिल्या दोन वर्षांत किंवा एकवीस वर्षांखालच्यांना शून्य, शून्य म्हणजे एक घोटही नाही. आणि ज्याचं आपल्या मुलांना माहीत नसतं ते म्हणजे ई-स्कूटर. रस्त्याकडेला उभ्या असतात, अॅप उघडलं की सुरू, आणि कायद्याच्या दृष्टीनं ते मोटार वाहन आहे, गाडीला जी मर्यादा तीच त्याला. लायसन्स जातं, दंड बसतो. चालत जा.

राहायचं असेल तर जुलै-ऑगस्टमधेच बघा, आणि श्टुटगार्टमधे महाग वाटलं तर एसलिंगन, लुडविग्सबुर्ग, वाइब्लिंगन बघा, तिन्ही गावं एस-बानवर आहेत. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री एस-बान रात्रभर चालते, कमी गाड्या असतात पण असतात. एसलिंगनचं जुनं गाव, लाकडी चौकटींची घरं, मला स्वतःला तिथे राहायला जास्त आवडतं.

अंगावर काय आणि खिशात काय

डिर्नडल (बायकांचा पारंपरिक झगा) आणि लेदरहोजन (पुरुषांची चामड्याची चड्डी) घालणारे पुष्कळ दिसतील, पण ती मूळ बायर्न म्हणजे बव्हेरियाकडची वेशभूषा, श्वाबियन म्हणजे इथल्या लोकांची नाही, इथे गेल्या काही वर्षांत रुळली. नसेल तर जीन्स आणि चेक्सचा शर्ट, कोणी वळून बघत नाही. ऑनलाईन मिळणारा पातळ कापडाचा फॅन्सी ड्रेससारखा सेट मात्र घेऊ नका, घ्यायचंच तर सेकंडहँड दुकानातून खरं घ्या, वर्षानुवर्षं टिकतं. बूट बंद हवेत, कारण जमिनीवर काच असते आणि बिअर सांडलेली असते. जॅकेट हवंच, तंबूत घाम येतो आणि बाहेर पाऊल टाकलं की दहा अंशांची हवा.

रोख पैसे न्या. कार्ड हल्ली काही ठिकाणी चालतं पण टेबलावर येणाऱ्या वेट्रेसला रोखच सोयीचं, आणि पाच-दहाच्या नोटा असाव्यात. लिटरला चौदा-पंधरा युरो धरून चाला, वर टिप. हातात दहा मग धरून त्या बायका तंबूभर धावत असतात, रिकामा मगच सव्वा किलोच्या वर असतो, तेव्हा टिप देताना हात आखडू नका, मनापासून द्या. पहिल्या राउंडला नीट दिलीत तर दुसऱ्या राउंडला ती स्वतः तुमच्या टेबलाकडे बघते.

पासपोर्ट किंवा रेसिडेन्स कार्ड जवळ ठेवा. मोठी सॅक आणू नका, दारात तपासणी असते, हॉटेलवर ठेवून या. पॉवरबँक एका तरी माणसाकडे असू दे, ते का ते आता सांगते.

भेटायची जागा ठरवा, मैदानात शिरायच्या आधी

गर्दीत फोन लागत नाही, मेसेज अर्ध्या तासानं पोचतो, बॅटरी संपते. एकदा आमच्यातली एक मुलगी, जर्मनीत येऊन तीन आठवडे झालेली, टॉयलेटच्या रांगेतून परत आली तर तिला आमचा तंबूच ओळखता येईना, फोन बंद. पण आम्ही येतानाच सांगितलं होतं की काही झालं तरी खांबाखाली ये. ती तिथे जाऊन उभी राहिली, पंचवीस मिनिटं, हातात बदामाची पुडी घेऊन, आणि आम्ही पोचलो तेव्हा शांतपणे वर बघत होती. मला म्हणाली, ताई, वर भोपळे का लावलेत?

तो खांब म्हणजे फ्रुख्टझॉयले, फळांचा खांब, सव्वीस मीटर उंच, धान्यानं, भाज्यांनी, फळांनी सजवलेला. कुठूनही दिसतो, रात्री त्यावर उजेड असतो, म्हणून भेटायला यापेक्षा चांगली जागा नाही. आणि तो तिथे का आहे हे माहीत झाल्याशिवाय वाझन कळत नाही असं मला वाटतं. १८१५ च्या एप्रिलमधे तिकडे आजच्या इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, राख आकाशात इतकी पसरली की १८१६ ला युरोपात उन्हाळा आलाच नाही, पीक शेतात कुजलं, या भागात लोक उपाशी मेले. त्याच वर्षी विल्हेल्म पहिला व्युर्टेंबर्गचा राजा झाला. त्यानं आणि राणी काटारीनानं धान्यवाटप केलं, शेती सुधारण्यासाठी होहेनहाइमला संस्था काढली, जिचं आज विद्यापीठ आहे, आणि शेतकऱ्यांना पुन्हा उभारी यावी म्हणून २८ सप्टेंबर १८१८ ला, राजाच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, या मैदानावर शेतीचा मेळावा भरवला, चांगल्या जनावरांना बक्षिसं, घोड्यांच्या शर्यती. मधोमध तो खांब. म्हणजे ही जत्रा मुळात बिअरची नाहीच, दुष्काळानंतर हाती आलेल्या पिकाची आहे. आपण घटात धान्य पेरतो, पोळ्याला बैलाला सजवतो, आपल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. अजूनही दर चार वर्षांनी इथे शेजारीच मोठं शेती प्रदर्शन भरतं, २०२२ ला होतं, गाई, ट्रॅक्टर, बियाणं, सगळं, गावाकडे शेती असलेल्यांनी ते वर्ष साधावं.

तर मी त्या मुलीला हे सगळं तिथेच उभं राहून सांगितलं. तुम्ही पण ग्रुपला आत शिरताना आधी खांबाकडे न्या, दोन मिनिटं थांबा, फोटो काढा, आणि ठरवा, चुकलो तर दर तासाच्या ठोक्याला इथे.

आधी खा

बसल्या बसल्या पहिली ऑर्डर खाण्याची द्या. इथली खरी गोष्ट म्हणजे ग्योकेले, भाजलेली अर्धी कोंबडी, कातडी कुरकुरीत, मीठ आणि पाप्रिका, हातानं खायची, सगळे हातानंच खातात. सोबत ब्रेझेल मागवा, श्वाबियन ब्रेझेलचं पोट जाड आणि मऊ असतं आणि हात बारीक कडक, पोटावर चीर दिलेली, बायर्नच्या ब्रेझेलपेक्षा मला हीच आवडते.

शाकाहारी मंडळी, तुमच्यासाठी केझश्पेट्झले, म्हणजे अंड्याच्या पिठाच्या छोट्या शेवया, भरपूर चीज, वर तळलेला कांदा. अंडं चालत नसेल तर तेही नाही, मग ब्रेझेल, बटाट्याच्या तळणी, सॅलड. बटाट्याच्या सॅलडचं मात्र नीट ऐका, श्वाबियन पद्धतीत त्यात मेयॉनीज नसतं, गरम सूप घालतात आणि ते बहुतेक वेळा मांसाचं असतं. दिसायला अगदी निरुपद्रवी दिसतं, म्हणून विचाराच. शुपफनुडेल (बटाट्याच्या पिठाचे बोटाएवढे नूडल) आणि सावरक्राउट (आंबवलेला कोबी) मधे पण बेकनचे तुकडे असू शकतात, 'ओनं श्पेक, बिट्टं' म्हणजे 'बेकन नको, प्लीज' एवढं पाठ करून ठेवा. माउलटाशन म्हणजे सारण भरलेले मोठे चौकोन, मूळचे मांसाचे, भाजीचेही मिळतात.

आणि कुठे दिसलं तर लिन्झन मिट श्पेट्झले खा. अख्ख्या मसूरची दाट उसळ, त्यात थोडं व्हिनेगर, बाजूला श्पेट्झले, सोबत लांब सॉसेज, ते नको असेल तर सांगायचं, डाळीत बेकन आहे का तेही विचारायचं. घर सोडून महिना झालेल्या माणसाच्या पुढे वाफाळती मसूर येते तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मग प्या, आणि हिशोबानं प्या

फेस्टबिअर साधारण साडेपाच-सहा टक्क्यांची असते, चवीला हलकी लागते, थंड असते, बँड वाजत असतो, आणि बिअरचा मग लिटरचा असतो. हिशोब करा, एका लिटरमधे त्रेचाळीस ग्रॅमच्या वर अल्कोहोल, म्हणजे भारतातली स्ट्राँग बिअरची मोठी बाटली एकट्यानं संपवल्यासारखं. दोन मग म्हणजे तशा दोन बाटल्या. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एक मग, नंतर पाणी, मग वाटलं तर राडलर, अर्धी बिअर अर्धं लिंबाचं सोडा पेय. न पिणाऱ्यांना आप्फेलशोर्ले म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा, श्पेत्सी म्हणजे कोला आणि संत्रं, आणि अल्कोहोल नसलेली बिअर. आग्रह करू नका. आपल्याकडे 'एवढं एक घे रे' म्हणायची सवय असते, ती इथे आणू नका, ज्याला प्यायची नाही त्यालाही ही जत्रा तेवढीच आवडते, मी स्वतः दोन वर्षं फक्त आप्फेलशोर्लेवर काढलीत आणि शेवटपर्यंत बाकावर उभी राहून नाचलेय.

बाकाचं सांगायचं तर, बाकावर उभं राहिलेलं चालतं, टेबलावर नाही, टेबलावर चढलात की सिक्युरिटी बाहेर काढते. बँडनं प्रोझिटची, म्हणजे चिअर्सच्या गाण्याची, धून वाजवली की सगळा तंबू मग उचलतो, तुम्ही पण उचला, प्रोस्ट म्हणताना समोरच्याच्या डोळ्यात बघा, नुसतं मगाकडे बघून आपटलेलं त्यांना बरं वाटत नाही. मग जाड तळाकडे आपटायचा, वरच्या काठाला आपटला तर फुटतो. आणि बिअरचा मग घरी आणायचा नाही, ती चोरी धरतात, आठवण हवी तर विकत मिळतो.

मुलींसाठी एक वेगळं. मैदानात वाझनबोये नावाची जागा असते, मुली आणि बायकांसाठी, कोणी त्रास दिला, मैत्रिणी सापडेनात, फोन बंद पडला, नुसतं घाबरल्यासारखं झालं तरी तिथे जाऊन बसता येतं, माणसं मदत करतात. आल्या आल्या नकाशावर ती कुठे आहे ते बघून ठेवा. आपला मग सोडून कुठे गेलात तर परत येऊन तो पिऊ नका, नवीन घ्या, पंधरा युरो गेले तरी चालतील. कोणी बेशुद्धीकडे झुकलं तर लाजू नका, ११२ या इमर्जन्सी नंबरला फोन करा किंवा सरळ जवळच्या रेड क्रॉसवाल्यांना हाक मारा. आणि मुलगा असो की मुलगी, एकट्याला परत पाठवायचं नाही. निघताना डोकी मोजायची.

रविवार

शनिवारी दमलेलं शरीर घेऊन रविवारी लगेच गाडीत बसू नका. बाड कानश्टाटमधला 'बाड' म्हणजे स्नान, या भागात जमिनीतून खनिज पाणी वर येतं, आणि युरोपात बुडापेस्टनंतर सगळ्यात जास्त इथेच असं म्हणतात. नदीकाठी लॉयत्से नावाचं स्नानगृह आहे, सकाळी जा, त्या बुडबुड्यांच्या पाण्यात तासभर पडून राहा. पुण्याहून गाड्यांच्या कंपन्यांत आलेल्यांना मर्सिडीजचं म्युझियम मैदानाजवळच आहे, सोमवारी बंद असतं, रविवारी उघडं. पण तिथल्या गर्दीपेक्षा मला कुरपार्कमधली डाइमलरची छोटी बागेतली कार्यशाळा जास्त आवडते. १८८० च्या दशकात डाइमलर आणि मायबाख या दोन इंजिनिअरांनी इथेच वेगवान पेट्रोल इंजिनवर काम केलं, एवढ्याशा खोलीत. आणि श्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे, हे इथल्या लोकांना सांगून बघा, बऱ्याच जणांना माहीत असतं.

परतीच्या गाडीआधी मैदानावर अर्धा तास परत जा. दुपारच्या उन्हात तो खांब बघा, दिव्यांत न दिसलेली कणसं तेव्हा दिसतात. आणि स्टॉलवरून गरम बदामाच्या पुड्या घ्या, समोरच तांब्याच्या कढईत साखर, दालचिनी आणि बदाम परततात, कागदाचा कोन हाताला गरम लागतो. एक पुडी जास्तीची घ्या, नऊ दिवसांच्या उपवासामुळे जी मैत्रीण आली नाही तिच्यासाठी, बदाम आणि साखर तिला चालतं.